बहिणीचा उजळ फोटो

धाराशिवकडच्या वाशीत बसस्टँडसमोर माझं फोटोचं दुकान आहे. सुरुवातीला झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच काम होतं. मग एक जुना डिजिटल कॅमेरा हाताशी आला आणि मी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बटण दाबलं की टपकन उघडणारा छोटा फ्लॅश होता. त्यानं काढलेल्या फोटोत सगळी माणसं एकाच घरची वाटायची. कपाळावर तेल सांडल्यासारखी चमक, डोळे लाल, आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी सावली चिकटलेली. येरमाळ्याच्या एका कार्यालयात तर त्याचा उजेड पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नाही. पुढची रांग चुन्यासारखी पांढरी आणि तिच्या मागं सगळा काळोख. नवरीचे चुलते अल्बम चाळून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडचं कुणी आलंच नव्हतं का लग्नाला?"

त्या एका वाक्यानं मी बाहेरून लावायचा मोठा फ्लॅश घ्यायचं ठरवलं.

सोलापूरला गेलो तेव्हा बहीण बरोबर होती. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. बीएस्सी झाली होती आणि तिला रक्त-लघवी तपासणीच्या कोर्सची चौकशी करायची होती. ते काम उरकून आम्ही कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी काचेवर तीन फ्लॅश मांडले. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीचा, एक दुसऱ्या कंपनीचा पण तसाच काम करणारा, आणि एक साधा, ज्याचं डोकं हलत नव्हतं. मी साध्यावर अडकलो होतो, कारण तो दिसायला सगळ्यात दणकट होता.

बहिणीनं विचारलं, "एकदा चमकला की परत चमकायला किती वेळ लागतो?"

दुकानदारांनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. तिन्ही फ्लॅशमध्ये सेल भरले आणि एकेक चमकवून दाखवला. मागचा लाल दिवा लागला की फ्लॅश पुन्हा तयार, असं ते होतं. साध्याचा दिवा लागायला इतका वेळ गेला की आम्ही तिघं नुसते बघत उभे राहिलो.

"तेवढ्यात मंगळसूत्र घालून होतं," दुकानदार म्हणाले. "आणि नवरदेवाला परत घाला म्हणता येत न्हाय."

मधला फ्लॅश बहिणीनंच पसंत केला. त्याचं डोकं वर व्हायचं, डावी-उजवीकडं वळायचं, पार मागंही फिरायचं. किती उजेड टाकायचा ते त्याला कॅमेरा सांगू शकायचा, आणि नको असेल तर आपल्या हातानं ठरवता यायचं. बिल करता करता दुकानदारांनी मला एक गोष्ट सांगितली, ती पुढं कुठल्याच व्हिडिओत मला इतक्या सोप्या शब्दांत सापडली नाही. ते म्हणाले, "ज्याचा फोटो काढायचा, त्याच्यावर हा मारू नका. छतावर मारा, भिंतीवर मारा. तिथनं जो परत येतो, तो उजेड माणसाला मानवतो."

पुढचे काही महिने मी घरात शिकलो. आमच्या पुढच्या खोलीला वर पांढरा चुना दिलेला स्लॅब आणि एका बाजूला पिस्ता रंगाची भिंत होती. बहीण प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायची, मी फ्लॅश फिरवत राहायचो. पिस्ता भिंतीवर मारला की तिचा गाल हिरवा यायचा. तिनं जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. डोकं कुठं वळवलं, ताकद किती ठेवली, ती भिंतीपासून किती हातावर होती, फोटो कसा आला. कार्यालयात छताला लाल-पिवळं कापड लावलेलं असलं तर वर मारायचा नाही, सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं, हे तिनंच माझ्या आधी ओळखलं. "दादा, तू बटन दाबायलास, पर बघायला न्हाईस," असं म्हणायची.

एका रविवारी दुपारी मी फ्लॅशचं डोकं माझ्याच खांद्यावरून मागं फिरवलं, वरच्या पांढऱ्या कोपऱ्याकडं. ताकद अगदी कमी ठेवली. उजेड खिडकीतून यावा तसा पसरट, हळू आला. बहीण तेव्हा आईशी काहीतरी बोलत होती आणि नुकतीच माझ्याकडं वळली होती. फोटोत ती जशी आहे तशी आली. काळी, गालाची हाडं वर असलेली, नाकाजवळ लहानपणच्या कांजिण्यांचा बारका खड्डा, आणि डोळ्यांत बोलणं अर्धं राहिलेलं. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो बराच वेळ बघितला.

"ही मी हाय," ती म्हणाली.

तो मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो. हे मी आता म्हणतो. तेव्हा मला एवढंच वाटलं की फ्लॅश हाताला बसला.

दिवाळीनंतर मामा आले. बहिणीसाठी स्थळं बघायची म्हणून त्यांना बायोडाटा आणि फोटो हवा होता. मामांच्या मोबाइलवर पाच-सहा वधू-वर ग्रुप होते आणि त्यांचा निम्मा दिवस त्यातच जायचा. मी त्यांना तो रविवारचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, आईकडं बघितलं आणि म्हणाले, "घरचाच फोटोग्राफर असून असला फोटो व्हय? जरा उजळ काढ की."

आईही म्हणाली, "उजळ काढ बाबा. पुढं बघू."

मी ते काम म्हणून घेतलं. इतक्या महिन्यांची मेहनत दाखवायची संधी आली असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बहिणीला दुकानात बसवलं आणि सोलापूरच्या माणसानं जे करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच केलं. फ्लॅश सरळ तिच्या तोंडावर धरला. ताकद वाढवली. तिच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवला, म्हणजे हनुवटीखालची सावलीही जाईल. राहिलं ते कॉम्प्युटरवर केलं. कांजिण्यांचा खड्डा गेला, गालाची हाडं गेली. पडद्यावर गोरटेली, गोल चेहऱ्याची एक मुलगी उरली. तिनं माझ्या बहिणीचा ड्रेस घातला होता.

बहीण माझ्या मागं उभी राहून बघत होती.

"दादा, रविवारचा दे ना त्यांना."

"त्यात तू नीट दिसतीस, पर उठून दिसत न्हाईस."

"म्हंजे काय?"

"म्हंजे काय ते तुला कळतंय," मी म्हणालो.

मला माझं ते वाक्य ज्या सुरात म्हणलं होतं त्या सुरासकट आठवतं. मी माउस हलवत होतो आणि मागं वळूनही बघितलं नव्हतं.

फोटो गेला आणि आठवडाभरातच जळकोटची मंडळी येतो म्हणाली. मुलगा पुण्यात कंपनीत होता. तो, त्याचे आई-वडील आणि त्याची मावशी असे चौघं आले. आमचे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं कुठल्या गाडीनं आलात, रस्ता कसा होता, या बोलण्यात त्यांनी पहिली दहा मिनिटं छान काढली. मग बहीण पोह्याच्या बश्या घेऊन आली. तिच्याकडं बघितल्यावर मुलाच्या आईनं मावशीकडं बघितलं. मावशीनं पर्समधून मोबाइल काढला.

"बाळ, जरा हिकडं दारात ये. उजेडात," मावशी म्हणाली.

बहीण ट्रे घेऊन दारात उभी राहिली. मावशीनं मोबाइलवर फोटो उघडला आणि मोबाइल तिच्या गालाजवळ धरला. साडीला ब्लाऊजपीस लावून बघतात तसा. एकदा मोबाइलकडं, एकदा गालाकडं. मुलगा बशीतल्या शेंगदाण्यांकडं बघत होता.

"फोटो कुठं काढलाव हो हा?"

वडिलांना काही कळलं नव्हतं. ते कौतुकानं म्हणाले, "आमच्याच पोराचा स्टुडिओ हाय. ह्यो काय, बसलाय."

"असं व्हय," मावशी माझ्याकडं बघून म्हणाली. "मग लई चालत असंल स्टुडिओ."

त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, वडिलांच्या पेन्शनची चौकशी केली. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. दोन दिवसांत कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांना काय कळवायचं होतं ते वडील सोडून आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

बहीण मागं बश्या धूत होती. मी तिथं जाऊन म्हणालो, "त्या बाईला काय रीतच न्हाय."

"तिचं काय चुकलं?" ती मान वर न करता म्हणाली. "तुमी जी दाखवली ती हुडकायला आली ती. मीच दुसरी निघाले." मग नळ बंद करून म्हणाली, "मला तिचा राग न्हाय आला. ती मोबाइल धरून हुबी होती तवा मला वाटलं, आपणच कुणाला तरी फसवायलोय. मी तर काय केलंच नव्हतं."

मी मामांना फोन केला आणि झालेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुढच्या टायमाला जरा कमी उजळ काढ. पर लई कमी बी नको."

मी त्यांना रविवारचा फोटो पाठवला. त्यांनी तो पुढं कुणालाच दिला नाही. "ह्याच्यावर कोण यील घरापस्तोर?" असं त्यांचं म्हणणं. एकदा माणसं घरात आली, पोरीचं बोलणं-चालणं बघितलं, की रंगाचं कुणी काढत नाही, असंही ते म्हणायचे. आणि आधीचा फोटो आता त्यांच्याही हातात राहिला नव्हता. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, धाराशिवकडून बार्शीकडं, तो आपला आपण फिरत होता. त्या फोटोवर आणखी दोन ठिकाणची मंडळी आली. पहिल्यांनी चहाही घाईत घेतला. दुसऱ्यांबरोबर मुलाची बहीण होती, कॉलेजात जाणारी. बहिणीनं पाणी आणून दिल्यावर तिनं खरंच न कळून विचारलं, "फोटोतल्या ताई कुठं हायत?"

त्यानंतर बहिणीनं सांगितलं की आता कुणी आलं तर मी बाहेर येणार नाही. आई रडली. वडिलांनी मामांना नको म्हणून कळवलं. मी काहीच केलं नाही. करण्यासारखं जे होतं ते मी आधीच करून बसलो होतो.

आणि त्याच दिवसांत माझं दुकान चालायला लागलं.

तो फोटो ज्या ग्रुपांवर फिरला, तिथं मुलींच्या आयाही होत्या. त्यांनी मुलगी बघितली नाही, फोटो बघितला. हा कुणी काढला म्हणून विचारत विचारत त्या वाशीला आल्या. आधी गावातल्या, मग येरमाळ्याहून, मग भूमकडच्या. कुणी भाची घेऊन यायचं, कुणी नणंद. सगळ्यांचं मागणं एकच, उजळ काढा. लग्नाच्या ऑर्डरीसाठी घेतलेला फ्लॅश दिवसभर दुकानातच स्टँडवर उभा राहायला लागला. त्याचं फिरणारं डोकं मी कित्येक दिवस फिरवलंच नाही. समोरच्या तोंडाकडं धरायचं आणि बटण दाबायचं. एवढंच करायचं होतं तर दुकानदारांनी दाखवलेला साधा फ्लॅशही चालला असता.

एकदा अकराच्या सुमाराला बहीण दुकानात आली. रक्त-लघवी तपासणीच्या त्या कोर्सला लातूरला तिचा नंबर लागला होता आणि कागदांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. ती मशीनपाशी उभी होती तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आत आली. मुलगी एकोणीस-वीसची असेल. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाईनं मोबाइल काढून माझ्यापुढं धरला.

"असा काढा. तुमच्या भनीचा हाय म्हणं हा. हिचा बी रंग असाच उजळ यायला पायजे."

बहीण माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं मान वळवून मोबाइलकडं बघितलं. बाईनंही तिच्याकडं बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं तिला विचारलं, "तुमी बी फोटोलाच आलाव का?"

"न्हाय," बहीण म्हणाली. "झेरॉक्सला."

मग ती त्या मुलीकडं वळली. "बस तू स्टुलावर. लई उजळ काढतात हे."

कागद पिशवीत घातले आणि ती निघून गेली.

मला एवढंच म्हणायचं होतं की ही माझी बहीण. तीन शब्द होते. मी ते म्हणालो नाही. गिऱ्हाईक जाईल म्हणून भ्यालो की त्या बाईपुढं खोटा पडेन म्हणून भ्यालो, हे मला अजून सांगता येत नाही. मी सेल बदलले, फ्लॅश त्या मुलीच्या तोंडासमोर आणला आणि फोटो काढला. बाईला फोटो फार आवडला. मुलगी पडद्याकडं बघून हसली नाही, पण मी तिला काही विचारलंही नाही.

संध्याकाळी घरी गेलो तर बहीण पुढच्या खोलीत फॉर्म भरत होती. मी जवळ बसलो.

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

"कुणाला?" तिनं विचारलं, आणि पुढची ओळ भरायला घेतली.

ती लातूरला गेली ती गेलीच. कोर्स झाला, एका लॅबमध्ये नोकरी लागली. सुट्टीला यायची, आईला मदत करायची, पुढं माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोशीही तिचं चांगलं जमलं. माझ्याशीही बोलायची. रुसवा असता तर काढता आला असता, पण तसं काही नव्हतंच. माझं तिच्या मनातलं ठिकाण बदललं होतं, आणि त्याची तक्रार कुणाकडं करायची हे मला माहीत नव्हतं.

काही वर्षांनी एका शनिवारी तिचा फोन आला.

"सोमवारी माझं रजिस्टर लग्न हाय. आई-आप्पांना सांगितलंय. तू बी ये. कॅमेरा आणू नको."

"मोबाइल आणू का?" मी कसंबसं विचारलं.

"आण की. फोन करायला लागतो."

मुलगा तिच्याच लॅबमध्ये होता. त्यांनी एकमेकांना तीन वर्षं रोज बघितलं होतं. कुणाला फोटो मागायची गरज पडली नव्हती. कचेरीत नोंदीसाठी फोटो घ्यायचा असतो, तो तिथला ऑपरेटर कॉम्प्युटरवर बसवलेल्या बारक्या कॅमेऱ्यातून घेत होता. दोघं शेजारी बसले. त्यांच्या मागं मोठी खिडकी होती, त्यामुळं दोघांची तोंडं अंधारी येत होती. मला बसल्या जागी कळत होतं काय करायला पाहिजे. खुर्च्या नुसत्या भिंतीकडं सरकवल्या असत्या तरी भागलं असतं. पण मी तोंड उघडलं नाही.

ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, काळा येतोय. पडदा लावू का?"

"असू द्या," बहीण म्हणाली.

नवऱ्यानं वाकून कॉम्प्युटरवर बघितलं. "चांगला आलाय की," तो म्हणाला आणि सही करायला उठला.

आम्ही सहा जण जवळच्याच एका खानावळीत जेवलो. हात धुवायला ती आणि मी एकदमच उठलो, तेव्हा मी तिला म्हणालो की मला तुझ्याशी जरा बोलायचंय. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

"आज नको दादा," ती म्हणाली. "आज माझं लग्न हाय."

त्या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. तो दुसरा दिवस आला नाही, आणि मीही तो आणला नाही.

मध्यंतरी एकदा मी सुधारायचा प्रयत्न केला. एक आई आपल्या सावळ्या मुलीला घेऊन आली होती. मी फ्लॅश मागं वळवला, पांढऱ्या भिंतीवर मारला आणि मुलीचा अगदी तिच्यासारखा फोटो काढला. आईला म्हणालो, "हाच द्या. जो यील तो हिला बघून यील." आईनं तो फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "तुमच्या घरची पोरगी असती तर दिला असताव का हा?" तिनं विचारलं. ती मुलीला घेऊन चार दुकानं सोडून असलेल्या दुसऱ्या स्टुडिओत गेली.

मग मीही सोडून दिलं. आता तर मुली येतात त्याच मोबाइलवर आधीच गोऱ्या होऊन, आणि मला म्हणतात, ह्याच्याशी जुळंल असा काढा. मी काढून देतो. माझ्या घराचा वरचा मजला त्यातूनच झाला.

बहीण पंचमीला येते, दिवाळीला येते. परत जाताना गाडी दुकानासमोरच्या स्टँडवरूनच धरावी लागते. गाडीला उशीर असला तर तिचा नवरा माझ्याकडं येऊन बसतो, कॅमेऱ्याबद्दल काहीबाही विचारतो. भला माणूस आहे. ती मात्र पोराला घेऊन फलाटावरच्या बाकड्यावर बसते, कितीही ऊन असलं तरी. मग मीच शटर अर्धं ओढतो आणि पाण्याची बाटली घेऊन तिकडं जातो. आईचं गुडघ्याचं दुखणं, वडिलांचं वाढलेलं बोलणं, माझ्या मुलीचे मार्क, सगळं आम्ही बोलतो. दुकानाचं ती विचारत नाही, मी सांगत नाही. गाडी लागली की ती पोराला माझ्या पाया पडायला लावते आणि आत चढून पलीकडच्या खिडकीची जागा धरते.